वार्धक्यातील स्नायुक्षय : एका लक्षणाचे परीक्षण

वार्धक्यात मांस झिजते हे सर्वविदित आहे; त्या झिजेस ‘सार्कोपेनिया’ हे स्वतंत्र नाव मात्र 1989 साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचविले. आशियाई कार्यगटाने 2019 साली तिचे निकष ठरविले : मुठीची पकड पुरुषांत 28 व स्त्रियांत 18 किलोग्रॅमहून कमी, किंवा चालण्याचा वेग सेकंदास 1 मीटरहून कमी, अथवा खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास 12 सेकंद वा अधिक, आणि जोडीस स्नायुभाराची घट. गणनेस हे निकष सोयीचे आहेत. निदानास ते पुरेसे आहेत काय, हा खरा प्रश्न होय.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत या लक्षणावर अतिव्याप्तीचा दोष येतो. ही मापे क्षीणता किती, एवढेच सांगतात. ती कोठे, कशी व केव्हापासून, हे सांगत नाहीत. भेद तर तेथेच आहे. वयाची झीज मंद व दोन्ही अंगांस बहुधा सारखी असते. ‘इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस’मध्ये बोटे मिटविणारे व मांडीच्या पुढील भागाचे स्नायू विषमपणे खंगतात, असा रोगी पकड आणि स्नायुभार या दोन्ही कसोट्यांवर ‘वृद्ध’च ठरेल. प्रेरक मज्जापेशींच्या रोगात स्नायू झिजत असतानाही प्रतिक्षेप तीव्र राहू शकतात व मांसात स्फुरण दिसते. मायस्थेनियात पापण्या दिवस कलताना जड होतात आणि एका वस्तूच्या दोन दिसतात. स्नायुभार मात्र बहुधा शाबूत असतो.

अव्याप्तीही आहेच. मावळात, कुसगावसारख्या गावी, जन्मभर जमिनीवरून उठलेली व भातलावणीत वाकलेली वृद्धा खुर्चीची परीक्षा सहज उतरेल. परंतु तिच्या स्वतःच्या पूर्वबळातून किती गेले, ते त्या परीक्षेस कळणार नाही. ‘गेल्या वर्षी उखळाशी किती वेळ टिकत होता?’ हा प्रश्न तेथे अधिक बोलका ठरेल.

सुश्रुताने जरेस स्वाभाविक व्याधींत गणूनही तिचे कालज व अकालज असे दोन भेद केले. प्रत्येक जरा केवळ काळाचीच, असे त्यासही मान्य नव्हते.

हा वाद शब्दांचा नव्हे. मायस्थेनियावर औषध आहे. थायरॉइडची मंदता, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव वा कोलेस्टेरॉलवरील औषधाने आलेली दुर्बलता बहुधा सुधारते. अशा रोग्यास ‘वय झाले’ म्हणून प्रथिने व व्यायाम सांगून परत पाठविणे म्हणजे उपचाराचा काळ गमावणे होय. म्हणून प्रतिक्षेप, विषमता, थकव्याची वेळ, औषधांची यादी व रक्तातील क्रिएटिन कायनेज यांचा विचार झाल्यावरच ‘वार्धक्यजन्य’ हे विशेषण लावावे. ते विचाराचा आरंभ नसून शेवट असले पाहिजे.