मालवाहतूक, धोरण आणि रुळांची रुंदी

मार्शल फिशर यांनी १९९७ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलेला विचार व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात आता जवळजवळ सूत्ररूप झाला आहे. ज्या मालाची मागणी स्थिर, त्याचा पुरवठा काटकसरीचा असावा. जिची चंचल, त्याचा तत्पर असावा. यावरून पुढे असा नियम काढला जातो की, पहिल्यास रेल्वे योग्य, दुसऱ्यास मालमोटार किंवा विमान.

हा नियम लातूरच्या तूरडाळीस लावून पाहावा. डाळीइतकी स्थिर मागणी क्वचितच कशाला असेल. तेव्हा ती रेल्वेनेच जावयास हवी. प्रत्यक्षात पोती बहुधा मालमोटारीने जातात. परगावच्या व्यापाऱ्यास हवा असतो एका मोटारीचा माल, तोही दुकानाच्या दारात; रेल्वे मागते ती अख्ख्या गाडीचा. म्हणजे निर्णय खेपेच्या आकाराने होतो आणि नियमात त्याची दखल नाही.

याहून मोठी उणीव निराळी आहे. साधन निवडण्याचे स्वातंत्र्य येथे गृहीतच धरले आहे. १९०० साली नांदेडवरून गेलेला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग मीटरमापी होता. १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे तर अवघी अडीच फुटी. नांदेडचा मुंबईकडील माल मनमाडला, लातूरचा कुर्डुवाडीला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. ही हमाली आणि हा खोळंबा कोणत्या धोरणात धरावयाचा? ‘साखळी’ या भाषांतरित शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. साखळीच्या कड्या एकजातीय असतात; आडत, मोंढा, हमाली हे शब्द मात्र प्रत्येक टप्प्याचे वेगळेपण बोलून दाखवितात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. आरंभी १० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. पुढे वाघिणी ५० झाल्या. तेवढ्याच पाण्यासाठी १० हजार लिटरचे २५० टँकर सुमारे ३४० किलोमीटर धाडावे लागले असते. येथे मागणी पूर्णतः निश्चित होती; आटले होते ते मांजरा धरण. हाउ ली यांनी २००२ साली पुरवठ्याच्या अनिश्चिततेचा दुसरा अक्ष जोडून फिशर यांची मांडणी सुधारली, हे मान्य. तथापि कोट्याला धुऊन काढलेल्या त्या वाघिणी लातूरपर्यंत पोहोचू शकल्या, याचे कारण दोन्ही अक्षांवर सापडत नाही. तो मार्ग तोवर रुंदमापी झाला होता. आणि स्थानकावर उतरलेले पाणी पुढे वस्त्यांत गेले, ते टँकरनेच.