पोटॅशियमचे मीठ : बातमी आणि प्रयोग

उतारवयात पोटॅशियम पुरेसे मिळाले पाहिजे, हा सल्ला आता आरोग्यविषयक सदरांतून नित्य वाचायला मिळतो. 'केळी खा, शहाळ्याचे पाणी प्या, साध्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त मीठ वापरा' असे त्याचे स्वरूप असते. या सल्ल्याला सर्वांत भक्कम आधार देणारा प्रयोग २०२१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रूस नील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चीनच्या ग्रामीण भागात केला होता. प्रयोग उत्तम आहे. पण त्यातून काढले जाणारे निष्कर्ष अनेकदा प्रयोगाच्या पुढे धावतात.

प्रयोगाची मांडणी अशी होती. ६०० खेडी निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटातील लोकांनी नेहमीचे मीठ वापरायचे. दुसऱ्या गटाला ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ मोफत पुरवायचे. एकूण २०,९९५ माणसे सहभागी झाली. त्यांचे सरासरी वय ६५ होते. ज्यांना पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, किंवा ज्यांचे वय साठ वा अधिक असून रक्तदाब वाढलेला आहे, अशांनाच घेतले होते. सुमारे पावणेपाच वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली.

निष्कर्ष असा, की नव्या मिठाच्या गटात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी झाले. स्वयंपाकघरातील एवढ्या साध्या बदलाने हे साधले, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. रक्तदाब किती उतरला एवढेच पाहून न थांबता किती माणसे आजारी पडली, किती दगावली हे मोजले, हा या प्रयोगाचा मोठा गुण.

आता '१४ टक्के' म्हणजे काय ते पाहू. साध्या मिठाच्या गटात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ३४ झटके आले, नव्या मिठाच्या गटात सुमारे २९. म्हणजे हजारी साडेचार झटके टळले. पण या लोकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना आधी एकदा झटका येऊन गेलेला होता. मुळात धोका मोठा म्हणून बचतही मोठी. धडधाकट माणसाला तेवढाच लाभ होईल असे यावरून म्हणता येत नाही. टक्का सांगताना तो कशाचा, हे सांगायला बातम्या विसरतात.

दुसरा मुद्दा श्रेयाचा. या मिठात एकाच वेळी दोन बदल होते: सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. लघवीच्या तपासणीवरून दिवसाकाठी पोटॅशियम सुमारे ८०० मिलिग्रॅमने वाढले आणि सोडियम ३५० मिलिग्रॅमने घटले, असे दिसले. येथे थोडे रसायनशास्त्र लावून पाहावे. १ ग्रॅम सोडियम क्लोराइड काढून तेथे १ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घातले, तर सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम जाते आणि ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम येते. या हिशेबाने ८०० मिलिग्रॅम पोटॅशियमबरोबर ६०० मिलिग्रॅम सोडियम कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात घट बरीच कमी आहे. लोकांनी नवे मीठ थोडे सढळ हाताने घातले असेल, ही एक शक्यता. काही असो, लाभातला किती वाटा कोणाचा हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. तेव्हा 'पोटॅशियमने पक्षाघात टळतो' हे विधान प्रयोगाच्या तोंडी घालणे योग्य नव्हे.

सर्वांत गंभीर मुद्दा मूत्रपिंडाचा आहे. शरीरातील जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात ते अगदी थोडे, लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल, एवढ्याच पट्ट्यात राहावे लागते. ते फार घटले किंवा फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. खाल्लेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते, आणि वयाबरोबर नेमकी हीच क्षमता उतरते. भरीला औषधे असतात. एनॅलाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधे आणि स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम शरीरात रोखून धरतात. उलट फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे ते बाहेर घालवतात. एकाच घरातील आजोबांना पोटॅशियम कमी पडत असेल आणि आजींना तेच घातक ठरेल, असे सहज होऊ शकते.

या प्रयोगातून मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना आणि पोटॅशियम रोखणारी लघवीची औषधे घेणाऱ्यांना वगळले होते. ते योग्यच होते. पण सहभागी झालेल्यांच्या रक्तातील पोटॅशियम नियमितपणे तपासले गेले नाही. म्हणून 'पोटॅशियम वाढण्याचे प्रकार दोन्ही गटांत सारखेच' या निष्कर्षाचा आधार काहीसा कच्चा राहतो. जे मोजलेच नाही, ते घडले नाही असे म्हणता येत नाही. २०२३ साली चीनमधीलच ४८ वृद्धनिवासांतील प्रयोगाचे निष्कर्ष आले. तेथे रक्त तपासले होते, आणि पोटॅशियमयुक्त मीठ खाणाऱ्यांत ते वाढल्याची उदाहरणे अधिक आढळली. त्यापायी कोणाला इजा झाल्याचे दिसले नाही आणि हृदयविकार व पक्षाघात येथेही घटले. तरीही सावध का राहायचे ते यातून कळते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली ती सशर्तच. मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना ती लागू नाही.

मग पुरेसे म्हणजे किती? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात प्रौढांसाठी दिवसाला ३,५०० मिलिग्रॅम सांगितले आहेत. अमेरिकेत २००५ साली ४,७०० हा आकडा होता; २०१९ मध्ये तो पुरुषांसाठी ३,४०० आणि स्त्रियांसाठी २,६०० झाला. तेव्हा हे आकडे दिशादर्शक समजावेत. केळ्याचा महिमाही थोडा आवरता घ्यायला हवा. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ५० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून त्याहून जास्त मिळते, कारण डाळीचे पाणी आपण टाकून देत नाही. भाजी उकडून पाणी ओतून दिले की मात्र बरेच पोटॅशियम त्याबरोबर जाते. दात गेलेल्या वृद्धांचा आहार मऊ भात आणि चहा-बिस्किटांवर येतो, तेथे खरी उणीव असते. त्यावर पहिला उपाय पातळ वरण, मऊ पालेभाजी आणि बटाटा हा आहे. गोळ्या आणि पातळ औषधे रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

वर्गात आपण खनिजांचा तक्ता शिकवतो: नाव, स्रोत, अभावाचे परिणाम. त्यात एक रकाना नेहमी राहून जातो, तो म्हणजे 'अतिरेकाचे परिणाम'. तो जोडावा, आणि शेजारी 'कोणासाठी' असा आणखी एक. मोठ्या विद्यार्थ्यांना घरातील मिठाच्या पुडीवरचे घटक वाचायला सांगावेत. पुडीवर पोटॅशियम क्लोराइड आढळले आणि घरात रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची औषधे चालू असली, तर ती पुडी पुढच्या खेपेस डॉक्टरांना दाखवायची आहे, एवढे त्यांनी घरी सांगितले तरी हा तास कारणी लागला.