प्लेगचे दोन इतिहास : नेते, शास्त्रज्ञ आणि महत्त्वाचे मोजमाप

थॉमस कार्लाइल यांचा वीरपुरुषांवरील प्रसिद्ध ग्रंथ १८४१ साली छापून आला. त्यात वीरपुरुषांचे सहा प्रकार सांगितले आहेत : देवस्वरूप पुरुष, प्रेषित, कवी, धर्मोपदेशक, साहित्यिक आणि राजा. शेवटच्या प्रकारात क्रॉमवेल आणि नेपोलियन येतात. शास्त्रज्ञांसाठी मात्र कार्लाइलनी सातवा प्रकार केला नाही. पुढे १९७८ मध्ये मायकेल हार्ट यांनी इतिहासातील शंभर प्रभावी व्यक्तींची क्रमवार यादी प्रसिद्ध केली. तीत न्यूटन दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि नेपोलियन चौतिसाव्या. हार्ट स्वतः खगोलभौतिकीचे अभ्यासक, हे येथे लक्षात ठेवलेले बरे.

या दोन टोकांच्या मध्ये आपला नेहमीचा वाद चालतो. राजकीय नेत्याचे ऐतिहासिक महत्त्व जास्त की शास्त्रज्ञाचे? शास्त्रज्ञाच्या बाजूने व्याप्तीचा मुद्दा मांडला जातो. राज्ये बुडतात, सीमा बदलतात, पण लस किंवा वीज सर्व देशांच्या आणि सर्व पिढ्यांच्या उपयोगी पडते. नेत्याच्या बाजूने अपरिहार्यतेचा मुद्दा येतो. एकाने शोध लावला नसता तर दुसऱ्याने लावला असता. नेत्याच्या निर्णयाबद्दल तसे म्हणता येत नाही. दोन्ही मुद्दे ऐकायला पटतात. मात्र ते हवेतच राहिले तर हा वाद कधी संपायचा नाही. म्हणून आपल्याच भूमीवरचे एक प्रकरण घेऊन ते तपासून पाहू. ते प्रकरण म्हणजे १८९६-९७चा प्लेग.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाठविले. हाफकिन ओडेसात जन्मलेले ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात तिचे प्रयोग करीत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या नोकरांच्या मदतीने त्यांनी प्लेगची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

पुढच्याच महिन्यात, ४ फेब्रुवारीला, साथरोग कायदा मंजूर झाला. त्यानंतर पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या हाताखाली सोल्जरांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे छावणीत आणि सामान जाळात, असा तो क्रम होता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चाफेकर बंधू फाशी गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

पहिली हकीकत वैद्यकाच्या इतिहासात सापडते, दुसरी स्वातंत्र्यलढ्याच्या. गणेशखिंडीतील त्या रात्रीचा तपशील आपल्याला शालेय वयापासून ठाऊक असतो. हाफकिन मात्र बहुतेकांना परळच्या संस्थेच्या पाटीवरच भेटतात. त्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. एकाच वर्षात, शंभर मैलांच्या आत घडलेल्या या दोन घटनामालिका एकत्र वाचल्या की वर सांगितलेल्या दोन्ही मुद्द्यांच्या मर्यादा कळू लागतात.

अपरिहार्यतेचा मुद्दा आधी पाहू. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन आणि किटासाटो या दोघांनी जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे शोधला. म्हणजे शोध कुणाएकावर अडून राहत नाही, हे खरे. पण रोगाच्या साथीत दहा वर्षांनी लागणारा शोध आणि आज हातात असलेली लस यांत माणसांच्या जिवाचे अंतर असते. या प्लेगच्या लाटांत पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. लशीने साथ थांबविली नाही, मृत्यूचे प्रमाण मात्र कमी केले. हाफकिन नसते तर अशी लस कुणीतरी कधीतरी केलीच असती. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत ती असती, असे मात्र म्हणता येत नाही. शोधाला पर्याय असू शकतो, वेळेला नसतो.

उलट ज्या राजकीय कृतीचा परिणाम सर्वांत दीर्घ टिकला, तिचा कर्ता कोण हे आज कुणी विचारीतही नाही. तो साथरोग कायदा चार-पाच कलमांचा, घाईने केलेला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी महाराष्ट्रात तोच लागू झाला. मुंबईचा चेहरा बदलणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये याच साथीतून जन्मला; दादर-माटुंग्याची आखणी त्याची. राजकारणातले टिकाऊ काम असे निनावी असू शकते. तेव्हा नेता अपरिहार्य आणि शास्त्रज्ञ बदलता येण्याजोगा, ही विभागणी इथे टिकत नाही.

आता व्याप्तीचा मुद्दा. लस सर्वांच्या उपयोगाची, हे तत्त्वतः खरे. पण ती टोचून घेण्यासाठी दंड पुढे करावा लागतो. ऑक्टोबर १८९६ मध्येच आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला होता. सरकारी इस्पितळात नेलेले माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत होती. अशा शहरात इंग्रज सरकारच्या सुईवर विश्वास कोण ठेवणार? मुंबईत त्या वेळी तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. विज्ञानात त्यांची काहीच भर नाही. पण त्या समाजापुरती लस लोकांपर्यंत पोहोचली ती त्यांच्यामुळे.

पुण्यात याच्या उलट झाले. उपाय नकोत, असे टिळकांचे म्हणणे नव्हते. त्यांनी स्वतः हिंदू प्लेग इस्पितळ चालविले, शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना धारेवर धरले. विरोध होता तो घरात घुसणाऱ्या सोल्जरांना. आणि ज्या झडत्यांसाठी इतका क्षोभ झाला, त्यांमागचे ज्ञानही अर्धवट होते. घाण, कपडे आणि माणसांचा संसर्ग यांवर सारा भर होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखविले ते जून १८९८ मध्ये, रँड यांच्या खुनानंतर वर्षभराने. तेव्हाही तज्ज्ञांनी ते उडवून लावले. लिस्टन आणि नंतरच्या प्लेग आयोगाने मुंबईत प्रयोग करून ते मान्य करायला आणखी सात-आठ वर्षे गेली. पुण्याच्या घराघरांत सत्ता शिरली, पण उंदरांकडे बघायचे तिला माहीत नव्हते.

ज्ञान आणि लोकांचा विश्वास यांचे नाते किती नाजूक असते, ते मुल्कोवालने दाखविले. पंजाबातील या गावी (आज ते पाकिस्तानात आहे) १९०२ च्या ऑक्टोबर अखेरीस १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, हे पुढे आले. तरीही त्यांच्यावरचा डाग जायला १९०७ उजाडले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांना त्यासाठी लंडनच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहावे लागले. प्रयोगशाळेत जिंकलेला माणूस सरकारी फायलीत हरला. त्याला सोडविले तेही जाहीर मतानेच, म्हणजे एका अर्थी राजकारणानेच.

म्हणून माझे म्हणणे असे. नेता आणि शास्त्रज्ञ यांची एका तागडीत तुलना करताना आपण दोघांनाही त्यांच्या काळापासून तोडतो. एकाच्या नावे सारे ज्ञान जमा करतो, दुसऱ्याच्या नावे सारी कृती. १८९७ मध्ये ज्ञान आणि विश्वास जिथे एकत्र आले तिथे माणसे वाचली. जिथे नुसती सत्ता आली तिथे गोळी चालली. महत्त्व मोजायचेच तर ही जोडणी कुणी केली आणि कुणी तोडली, हे आधी विचारावे. त्या कसोटीवर आगाखानांचे पुढे आलेले दंड आणि रँड यांची झडती, दोन्ही लशीच्या इतिहासातच लिहावी लागतात. आणि हाफकिन यांना स्वातंत्र्यलढ्याच्या त्या प्रकरणात एखादे पान द्यावे लागते.

याच कसोटीने आणखी दोन नावे पुढे येतात. डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथे रोग्यांची सेवा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांना प्लेगनेच मृत्यू आला. त्या ना राजकीय नेत्या होत्या, ना शास्त्रज्ञ. कार्लाइलच्या सहा प्रकारांत त्यांना जागा नाही, हार्टच्या शंभरांतही नाही. पण भेदरलेला रोगी आणि औषध यांच्यात उभे राहण्याचे काम त्यांनी केले. तसे काम करणारी शेकडो माणसे त्या वर्षांत गावोगावी असली पाहिजेत : लस टोचणारे, छावण्यांतल्या दाया, गावकऱ्यांची समजूत घालणारे शिक्षक. त्यांचा माग नगरपालिकांच्या जुन्या दप्तरांत आणि त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्रांत घ्यावा लागेल. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या आणि पदवीची अट नसलेल्या अभ्यासकाला हे काम हाती घेता येण्याजोगे आहे. कागद मात्र फार दिवस वाट पाहणार नाही.