माझ्याच इंटर्नशिप रिपोर्टची चिरफाड: प्राण्यांना काय दिलं आणि त्यांनी काय खाल्लं

मागच्या महिन्यात वाशिमच्या एका एम.एस्सी.च्या मुलीचा मेसेज आला. "दादा, प्राणिसंग्रहालयात आहारशास्त्राची महिनाभराची इंटर्नशिप मिळाली आहे. नमुना म्हणून तुमचा रिपोर्ट पाठवाल का?" सहा वर्षांनी ती फाइल उघडून वाचली आणि पाठवायची हिंमत झाली नाही. म्हणून त्याऐवजी हे परीक्षण. तिच्यासाठी, आणि अशा इंटर्नशिपला निघालेल्या तुमच्यासाठीही.

आपल्या जिल्ह्यात प्राणिसंग्रहालय नाही. त्यामुळे आपली मुलं नागपूरच्या महाराजबागेकडे, गोरेवाड्याकडे, नाहीतर संभाजीनगर-पुण्याकडे बघतात. मीही अशाच एका ठिकाणी महिना काढला. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी भरपूर मदत केली, घोळ माझाच होता.

रिपोर्ट ६२ पानांचा. त्यातली पहिली २५ पानं प्राणिसंग्रहालयांचा इतिहास, १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण कसं स्थापन झालं वगैरे. तुमच्या परीक्षकाला हे माहीत असतं, सोडून द्या. पुढे सात प्रजातींचे आहारतक्ते. हे तक्ते मी स्वयंपाकघरातल्या फळ्यावरून उतरवले होते. त्यातून कळतं ते एवढंच, की कार्यालयाने काय मंजूर केलंय. प्राण्याच्या पोटात काय गेलं ते त्या फळ्यावर कुठेच नसतं.

आता खरी गडबड. काळविटांच्या तक्त्यात मी लिहिलं: लसूणघास, प्रथिने ४ टक्के, हरभरा, प्रथिने २० टक्के. आणि शिफारस ठोकून दिली की "आहारात प्रथिने कमी असून हरभऱ्याचे प्रमाण वाढवावे." यावर मला चांगले मार्कही मिळाले!

गणित करून बघा. ताज्या लसूणघासात साधारण ८० टक्के पाणी असतं. म्हणजे १०० ग्रॅममध्ये शुष्क पदार्थ २० ग्रॅम आणि त्यात प्रथिन ४ ग्रॅम. शुष्क पदार्थावर हिशोब केला तर ते २० टक्के झालं. हरभऱ्यात पाणी जेमतेम १० टक्के, म्हणून तोच हिशोब २२ टक्क्यांवर येतो. मी ज्याला पाचपट फरक समजत होतो तो बहुतेक पाण्याचा फरक होता. आमच्या घरी हिरवी मका आणि कडबा एकाच काट्यावर ठेवून "दोन्ही दहा-दहा किलो, म्हणजे सारखंच" असं म्हटलं तर बाबा हसतील. रिपोर्टमध्ये मी नेमकं तेच केलं होतं.

आणि ही चूक निरुपद्रवी नाही. हरभरा वाढवला की प्रथिनासोबत स्टार्च वाढतो. काळवीट रवंथ करणारा प्राणी. एकदम जास्त स्टार्च गेला की ओटीपोटात तो भराभर आंबतो, आम्ल तयार होतं, सामू घसरतो. लेंड्या पातळ होतात, प्राणी खाणं सोडतो, फार झालं तर मरतोही. माझी शिफारस कुणी अमलात आणली नाही हे नशीबच.

आहार मोजण्याचा एकच प्रयत्न मी केला होता, तोही फसलेला. सकाळी १० किलो लसूणघास टाकली, संध्याकाळी ३ किलो उरली, म्हणून ७ किलो खाल्ली. महिना मे, ठिकाण विदर्भ! दिवसभरात चारा वाळतो, त्याचा विचारच नाही. खरं तर तेवढाच चारा दुसऱ्या पाटीत, तसंच ऊन लागेल पण प्राण्यांचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवायचा असतो. समजा त्या पाटीतले १० किलो संध्याकाळी ६ किलो भरले. मग गव्हाणीतले उरलेले ३ किलो म्हणजे मुळातले ५ किलो. खाल्लं ५ किलोच. शिवाय पानं आधी संपतात आणि देठ उरतात, म्हणून उरलेल्या चाऱ्याचा नमुनाही वेगळा तपासावा लागतो.

मग मी एकूण आकड्याला आठाने भागलं, कारण कळपात आठ जनावरं. इथे मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो. तिसऱ्याच दिवशी कीपर काका म्हणाले होते, "चणे तं तो मोठा नरच खाते, बाकीच्या दुरूनच पाह्यतात." हे माझ्या डायरीत आहे, रिपोर्टमध्ये नाही. मला वाटलं हा काही डेटा नाही. वरच्या स्टार्चच्या मुद्द्याशी जोडून बघा: सरासरी अगदी सुरक्षित दिसते, आणि धोका एकाच नराला असतो. महिनाभरातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण मी फुकट घालवलं.

गरजेचे आकडे मी दुभत्या गाईच्या तक्त्यातून घेतले होते. हॉफमनने १९८९ मध्ये रवंथ करणाऱ्यांची गवत खाणारे, पाला-कोंब निवडून खाणारे आणि मधले अशी मांडणी केली, ती वाचली असती तरी थोडा थांबलो असतो. अमेरिकेच्या एनआरसीचं २००७ चं पुस्तक शेळ्या-मेंढ्या आणि हरणांच्या गरजा देतं, पण काळवीट हरीणकुळातला नाही, तो गाय-शेळीच्या कुळातला. म्हणजे कुठला तरी पाळीव प्राणी आधाराला घ्यावाच लागतो. तोच का घेतला, ते लिहा. वेळावदरच्या काळविटांच्या ऋतूनुसार पोषणावर वाय. व्ही. झाला यांचा १९९७ चा पेपर आहे, तो जाण्याआधी वाचा. उन्हाळ्यातलं वाळलेलं गवत प्रथिनात गरीब असतं आणि रानातला काळवीट त्यावर दिवस काढतो. बारमाही लसूणघास खाणाऱ्या कळपाला प्रथिन कमी पडतंय हे मी कशावरून ठरवलं? कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथेही मी या प्रश्नासाठी एकदा गेलो नव्हतो.

बिबट्याबद्दल एकच. मी मांसाचे किलो लिहिले, हाड सोबत होतं का ते लिहिलं नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या १५-२० पट असतो, बछड्यांची हाडं त्याने ठिसूळ होतात. तो रकाना हवाच.

आज गेलो तर एकच प्रजाती घेईन. पहिले चार दिवस नुसतं बघेन. मग सलग सात दिवस दिलेलं आणि उरलेलं, प्रत्येक खाद्य वेगळं, पाटीसकट तोलेन, आणि दर पाच मिनिटांनी गव्हाणीवर कोण आहे ते टिपेन. आहारात स्वतः काही बदल करायचा नाही. उरलेला चारा तोलायची परवानगी आणि काटा मिळेल का, हे होकार देण्याआधीच विचारून घ्या. नाही म्हणाले तर गव्हाणीवरच्या नोंदींचाच विषय घ्या, तोही पुरेसा मोठा आहे.

हे फोनवर सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "दादा, पण तिथे ओव्हन नसला तर?" नमुना लगेच तोल, हवाबंद पिशवीत भर, तारीख-वेळ लिही आणि फ्रीझरमध्ये ठेव. नंतर एखाद्या कृषी किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून घे. प्रथिन आणि तंतू काढायचे असतील तर वेगळा भाग ६०-६५ अंशांवर. आणि रिकाम्या पिशवीचं वजन आधीच करून ठेव, मी तेही विसरलो होतो.