बहिरी आणि शाहशरीफ : दोन नामकथांचें प्रामाण्य

नांवाच्या उच्चारावरून कुळाचा इतिहास सिद्ध करण्याची प्रवृत्ति आमच्या बखरकारांप्रमाणेंच फारसी तवारिखकारांतही आढळते. अहमदनगरच्या निजामशाहीसंबंधीं अशा दोन कथा वारंवार उद्धृत होतात. दोहोंत एका भाषेंतील नांव दुसऱ्या भाषेंत शिरून रूप पालटतें. परंतु पुरावा या दृष्टीनें दोहोंची किंमत सारखी नाहीं, असें आमचें मत आहे.

पहिली कथा फेरिश्ताची. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा मूळचा तिमाभट नांवाचा ब्राह्मण, भैरूचा पुत्र. अहमदशाह बहमनीच्या सैन्यानें त्यास विजयनगरच्या मुलुखांतून धरून आणिलें व मुसलमान करून राजपुत्राच्या सेवेस दिलें. राजपुत्राच्या जिभेस ‘भैरू’ हें नांव वळेना, म्हणून तो त्यास ‘बहरी’ म्हणूं लागला, आणि तेंच उपपद वंशास चिकटलें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, बहरी म्हणजे शिकारी ससाणा. मलिक हसनाकडे शाही ससाण्यांचें काम होतें, म्हणून हें उपपद.

येथें मराठी वाचकास एक गोष्ट सहज दिसावी. भैरवाचें ‘बहिर’ होण्यास कोणा राजपुत्राच्या जड जिभेची गरजच नाहीं. गांवोगांवचा बहिरोबा व शिवकालीन हेरांचा नाईक बहिरजी हे याचे साक्षी आहेत. आणि ससाण्याच्या एका जातीसही मराठींत ‘बहिरी’च म्हणतात. तेव्हां मराठी कानास दोन्ही अर्थ सारखेच पटतात. आणि जो ध्वनि दोन कथांस सारखाच लागू पडतो, तो एकीसही सिद्ध करीत नाहीं. ‘तिमा’ हें नांव कानडी-तेलुगू मुलखास शोभणारें आहे, एवढेंच फेरिश्ताच्या बाजूनें म्हणतां येईल.

कथाकारांची स्थितिही लक्षांत घ्यावी. फेरिश्ता प्रथम नगरच्या दरबारीं होता. १५८९ मध्यें तो विजापुरास गेला व आदिलशाहीच्या आश्रयानें त्यानें इतिहास लिहिला. उलट, दुसऱ्या बुऱ्हान निजामशाहाच्या पदरीं असलेला सय्यद अली तबातबा आपल्या ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ या ग्रंथांत नगरच्या घराण्याचें मूळ बहमनी राजकुळाशीं जोडतो. एक प्रतिस्पर्धी दरबारांत लिहितो, दुसरा धन्यासाठीं लिहितो. पूर्वजांचें कुळकर्ण पाथरीस होतें या कारणानें पहिल्या बुऱ्हान निजामशाहानें तें ठाणें इमादशाहीकडून मागितलें, व तें न मिळतां १५१८ च्या सुमारास जिंकून घेतलें, असें फेरिश्ताच सांगतो. म्हणून तोही स्वतंत्र पुरावा ठरत नाहीं. पाथरीच्या कुळकर्णाचे अस्सल कागद कोणा संग्राहकाच्या दप्तरांत निघाल्यास मात्र या प्रश्नावर खरा प्रकाश पडेल.

दुसरी कथा भोसलेकुळाची. मालोजी राजांस पुत्र नव्हता. नगरच्या शाहशरीफ पीरास नवस केल्यावर दोन पुत्र झाले, त्यांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं. ग्रांट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत ही कथा दिली आहे. नवसाचा वृत्तान्त सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु नांवांचा संबंध निराळा आहे. ‘शहाजी’ हें एकटेंच नांव असतें, तर तें कोणत्याही शाहावरून किंवा एखाद्या संस्कृत शब्दावरून आलें असा तर्क चालला असता. एका पीराच्या नांवाचे दोन भाग दोघां सख्ख्या भावांनीं क्रमानें वाटून घ्यावे, हा योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. म्हणजे येथें पुराव्याचा भार थोरल्यावर नसून धाकट्या शरीफजीवर आहे. आणि नेमकें त्याचेंच नांव आमच्या लेखनांत उपेक्षिलें जातें.

या फारसी नांवाची पुढची गतिही पाहण्यासारखी आहे. मराठीनें त्यास ‘जी’ जोडला. परमानंदाच्या शिवभारतांत तें ‘शाहराज’ झालें. ज्या छत्रपतींनीं राजव्यवहारकोश रचवून दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजविले, त्यांच्याच संस्कृत मुद्रेंत पित्याचें नांव ‘शाह’ असेंच आहे. शिवाजी तेथें ‘शाहसूनु’ आहे. राज्यकारभाराची भाषा पालटतां येते; बापाचें नांव पालटावें असें त्यांस वाटलें नाहीं.

यावरून संग्राहकांस व संपादकांस आमची एक विनंती आहे. नक्कल करतांना ‘मलिकंबर’ याचें ‘मलिक अंबर’ करूं नये. ‘शाहाजी’, ‘शहाजी’ हीं रूपें एका सांच्यांत घालूं नयेत. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नसतो, म्हणून ‘शरिफ’ कीं ‘शरीफ’ हा निर्णय मोडी कागदावर लादूं नये. २०२४ सालीं या जिल्ह्यास जें नवें नांव मिळालें, त्यांतील ‘अहिल्या’ हें रूपही संस्कृत ‘अहल्या’हून भिन्न आहे. चौंडीच्या त्या मुलीचें नांव उद्यां कोणी व्याकरणास अनुसरून ‘शुद्ध’ करील, तर शब्द शुद्ध होईल, पण नांव जाईल. नांव लिहिणाऱ्यानें जसें लिहिलें तसेंच छापावें. अर्थ लावणें तें टीपेंत लावावें.