इद्दतीनंतरचे घर

आपल्या मराठी कथेतली तलाक मिळालेली स्त्री शेवटच्या परिच्छेदात एक तर रडत माहेरची वाट धरते, नाही तर ताठ मानेने नवऱ्याचा उंबरठा ओलांडते. वाचक हळहळतो किंवा मनातल्या मनात शाबासकी देतो. पण त्या रात्री ती कुठे निजली, सहा महिन्यांनी तिची पेटी कोणाच्या पलंगाखाली होती, हे बहुतेक कथा सांगत नाहीत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपले लेखन संख्येने आणि गुणाने वाढले. म्हणूनच ही उणीव आता बोलून दाखवली पाहिजे.

तिचे मूळ आपल्या वादांच्या इतिहासात आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हापासून चर्चा तलाकच्या उच्चाराभोवती फिरत राहिली. १९८५ साली शाहबानो खटल्याचा निकाल लागला आणि पोटगीवरून रान उठले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ साली कायदा झाला. या लढ्यांचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. परंतु लेखकांनी वाद उचलला आणि निवाऱ्याचा प्रश्न मागे राहिला. मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथनसुद्धा आपण चळवळीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. एका मिळवत्या स्त्रीने घर कसे पेलले, या अंगाने त्याची चर्चा फारशी होत नाही.

हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात नेऊन पाहावा. मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव. अशा गावात तलाकशुदा, विधवा किंवा बिनलग्नाची आपा बहुधा भावाकडे राहते. भाभी कितीही भली असली तरी घर भाभीचे असते. खरे तर त्या घरात बहिणीचाही वाटा होता. कुरआनने मुलीला भावाच्या निम्मा का होईना, पण ठरवून हिस्सा दिला आहे. मात्र अब्बांच्या मागे माहेर तुटू नये म्हणून कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर फक्त भावांची नावे चढतात. माहेर राखण्यासाठी जिने हिस्सा सोडला, तीच त्या माहेरी पाहुणी होऊन येते. याहून मोठे कथाबीज कोणते हवे?

सरकारी घरकुलाचेही असेच. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ पासून सुरू झाली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, असे तिचे स्वरूप. पण ज्या २०११ च्या पाहणीवर तिची पहिली यादी उभी राहिली, तिथे एक चूल म्हणजे एक कुटुंब. भावाच्या चुलीवर जेवणारी बहीण भावाच्याच कुटुंबात मोजली जाते. त्याचे घर पक्के असेल तर तीही पक्क्या घरातली ठरते. खोली मागायची तर चूल वेगळी हवी, आणि चूल वेगळी मांडायची तर आधी खोली हवी! २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देतो. पण भावावर फिर्याद करून त्याच छपराखाली कोण निजेल?

शिवणकाम किंवा नर्सिंग करणारी वाशीम-अकोल्यात भाड्याने खोली शोधू लागली, तर भाड्याआधी ‘सोबत मर्द कोण?’ असे विचारले जाते. मोहल्ल्यात हा प्रश्न आडवा येतो, मोहल्ल्याबाहेर नाव आडवे येते.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे घरकुलाचा अर्ज नव्हे. मान्य. पण स्त्रीला लिहायचे तर पैसा आणि स्वतःची खोली हवी, हे व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली मांडले आणि आपण समीक्षक ते वारंवार सांगतो. आपल्याकडे ती खोली प्रतीक होऊन बसली आहे. आसेगावच्या आपाला हवी आहे ती आतून कडी लागणारी, संडास-नळ असलेली, परवडणारी आणि उद्या कोणी ‘निघ’ म्हणणार नाही अशी खोली.

सूरह अत्-तलाकच्या सहाव्या आयतीत तलाकशुदा स्त्रीला इद्दतीत आपल्या ऐपतीप्रमाणे, आपण राहतो तिथे राहू द्यावे आणि तिला जगणे तंग करू नये, असा आदेश आहे. म्हणजे तलाकच्या जोडीनेच छपराचा विचार आला. आपण इद्दतीचे महिने तेवढे मोजतो. मेहर म्हणून वधूच्या नावे एखादी खोली किंवा गुंठाभर जागा लिहून देण्यास शरीअतची आडकाठी नाही. जमातींनी निकाहनामा भरताना तेवढे सुचवले आणि बहिणीकडे हक्कसोडपत्र नेण्याआधी भावांनी क्षणभर विचार केला, तरी पुष्कळ होईल.

लेखकांकडे मागणे लहान आहे. पुढच्या वार्षिकात इद्दत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी एक तरी कथा यावी.