रब्बीवांचून राखलेला धर्म

कोकणांतील बेने इस्राएल लोकांत रब्बी नव्हतेच. गांवोगांव फिरणारे काजी सुंता, लग्नें उरकीत. आणि हे ‘शनवार तेली’ शब्बाथीं घाणा बंद ठेवीत. पुण्यास १८७४ सालीं निघालेली वल्हांडण सणाची पोथी, ‘हग्गादा’, हें ध्यानांत ठेवूनच वाचली पाहिजे. तींतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसून भुईवर बसल्या आहेत! मानवतास आमच्या घरींही चूल अशीच चाले. पण चित्रांहून आम्हांस मोलाचा वाटतो तो मुळासह मराठी अर्थ देण्यांतला विवेक. नुसत्या हिब्रूनें घरांतल्या बायामुलांस सणाचा अर्थ कळता ना; नुसत्या मराठीनें हिब्रू सुटती. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. तेथें नातवंडांस आतां हिब्रू बाजू समजते; मराठी बाजू मात्र आजीला वाचून दाखवावी लागत असेल.